तुमच्या प्रभागात रोज किती कचरा निघतो आणि का? आठ दिवसांच्या मोजणीची रीत

बहुतेक नगरपरिषदांच्या घनकचरा आराखड्यातला कचऱ्याचा आकडा कोणी मोजलेला नसतो. तो लोकसंख्येला दरडोई कचऱ्याने गुणून काढलेला असतो आणि दरडोई आकडा छापील मार्गदर्शिकेतून घेतलेला असतो. केंद्र सरकारच्या सीपीएचईईओ या यंत्रणेच्या २०१६ च्या मार्गदर्शिकेत २ लाखांच्या आतल्या शहरांसाठी माणशी रोज २०० ते ३०० ग्रॅम आणि १० लाखांवरच्या शहरांसाठी ४०० ते ६०० ग्रॅम असा अंदाज दिला आहे. अंदाज म्हणून तो ठीक आहे. पण २०,००० वस्तीच्या प्रभागाला खालचा आकडा लावला तर रोज ४ टन होतात आणि वरचा लावला तर ६ टन. घंटागाड्या किती, कामगार किती, कंपोस्टचे खड्डे किती, हे सगळे या दोन टनांच्या फरकावर अवलंबून आहे. जगभराची सरासरी तर इथे काहीच कामाची नाही. जागतिक बँकेच्या २०१८ च्या अहवालात ती माणशी रोज ७४० ग्रॅम आहे, पण देशादेशांतला पल्ला ११० ग्रॅमपासून साडेचार किलोपर्यंत जातो.

स्वच्छता निरीक्षक, प्रभाग समिती, महाविद्यालयाचा पर्यावरण विभाग किंवा मोठी सोसायटी यांपैकी कोणालाही ही मोजणी करता येते. त्यासाठी सहा ते आठ माणसे, दोन काटे आणि आठ दिवस लागतात.

आधी ठरवा, कोणता आकडा हवा आहे

‘आमच्याकडे रोज ५ टन कचरा आहे’ असे कोणी म्हटले की विचारा, कुठे मोजला? घरात तयार होणारा कचरा एक. त्यातून रद्दी, बाटल्या, पत्रा भंगारवाल्याकडे जातो, शिळी पोळी गाईला जाते, साली परसातल्या झाडाच्या बुंध्याशी जातात. उरलेला घराबाहेर येतो, तो दुसरा आकडा. त्यातला काही नाल्यात जातो किंवा पेटवला जातो आणि राहिलेला घंटागाडीत पडतो, तो तिसरा. गाडीवरचे कामगार वाटेत पुठ्ठा, प्लास्टिक वेगळे काढतात आणि डेपोच्या काट्यावर पोहोचतो तो चौथा.

कारणे शोधायची असतील तर पहिले दोन आकडे लागतात. डेपोच्या काट्यावरून ‘कचरा वाढला’ असा निष्कर्ष काढणे ही सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, कारण गाडीच्या फेऱ्या नियमित झाल्या तरी तो आकडा वाढतो. त्या वेळी कचरा वाढलेला नसतो. आधी जो नाल्यात जात होता, तो गाडीत येऊ लागलेला असतो.

घरे निवडताना

यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेने शहरांसाठी तयार केलेल्या पद्धतीत ९० घरे घेतात. कमी, मध्यम आणि जास्त उत्पन्नाची प्रत्येकी ३०. प्रत्येक गटासाठी तीन वेगवेगळ्या वस्त्या आणि प्रत्येक वस्तीत १० घरे. एका प्रभागालाही हे प्रमाण झेपते.

उत्पन्न विचारू नका. लोक खरे सांगत नाहीत आणि दार बंद होते ते वेगळेच. वस्तीचा प्रकार पाहा: झोपडपट्टी, चाळ किंवा जुना वाडा, लिफ्ट नसलेली इमारत, सोसायटी, बंगले. मालमत्ता कराची यादी मिळाली तर तीवरून दर अमुक घरांनंतर एक घर असे निवडा. ‘ओळखीची घरे घेऊ, सहकार्य मिळेल’ हा मोह टाळा. ओळखीची घरे बहुधा वर्गीकरण करणारी, नीटनेटकी असतात, आणि आकडा हमखास कमी येतो. बंद घरे गृहीत धरून प्रत्येक वस्तीत दोन घरे राखीव ठेवा.

आदल्या आठवड्यात प्रत्येक घरी एकदा जाऊन या. घरातल्या बाईंशी बोला, कारण कचऱ्याचे काय होते हे बहुतेक घरांत त्यांनाच ठाऊक असते. घरात रोज जेवणारी माणसे किती, डबा घेऊन जाणारे किती, दोन वर्षांखालचे मूल किंवा अंथरुणाला खिळलेले कोणी आहे का, गाय, शेळी, कोंबड्या, कुत्रा आहे का, पाणी तापवायला बंब किंवा चूल पेटते का, भंगारवाला कधी येतो आणि या आठवड्यात काही कार्य आहे का, एवढे विचारा. पिशवीत आपण काय पाहणार आणि काय लिहिणार तेही स्पष्ट सांगा. कचऱ्यात माणसाचे खाजगी आयुष्य दिसते. नोंदवहीत नाव लिहू नका, फक्त घरक्रमांकाची खूण लिहा.

साहित्य

घरोघरच्या पिशव्यांसाठी ५० किलोपर्यंतचा, १० ग्रॅमचा फरक दाखवणारा लटकता डिजिटल काटा आणि दुकानांच्या मालासाठी १०० किलोचा फळीचा काटा घ्या. रोज सकाळी किराणा दुकानातले ५ किलोचे प्रमाणित लोखंडी वजन टांगून काटा तपासा आणि आलेला आकडा नोंदवहीत पहिल्या ओळीत लिहा. बॅटरी उतरत आली की स्वस्त काटे वजन चुकीचे दाखवतात, आणि आठव्या दिवशी ते लक्षात आले तर सगळा आठवडा वाया जातो.

प्रत्येक घराला रोज तीन पिशव्या द्या: ओला, सुका आणि सॅनिटरी (डायपर, पॅड वगैरे). तिन्हींवर घराची खूण आणि तारीख मार्करने आधीच लिहा. शिवाय जाड ताडपत्री, साधारण ३ मीटर बाय ३ मीटर. सरळ भिंतीचा १०० लिटरचा ड्रम. फावडे, चिमटे, कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे, मास्क, बूट, साबण आणि पाणी. कचरा हाताळणाऱ्या प्रत्येकाला धनुर्वाताचे इंजेक्शन दिलेले असावे. सुया, ब्लेड आणि फुटकी काच रोज निघते, म्हणून पिशवीत हात घालायचा नाही, पिशवी ताडपत्रीवर उलटी करायची.

आणखी एक गोष्ट, जी बहुतेक आराखड्यांत नसते. या आठवड्यात तुम्ही जो पुठ्ठा आणि प्लास्टिक उचलणार आहात, त्यावर तिथल्या कचरावेचक बाईंचे घर चालते. वजन झाले की विकता येण्याजोगा सगळा माल त्यांना परत द्या, किंवा तेवढी मजुरी द्या. त्यांनाच मोजणीत घ्या. कोणत्या इमारतीतून काय निघते हे त्यांच्याइतके कोणाला माहीत नसते.

आठ दिवस

पहिल्या दिवशी गोळा झालेला कचरा वजन करून बाजूला ठेवा. हिशेबात तो घ्यायचा नाही. घरात साठलेले, माळ्यावरचे, फ्रिजमधले जुने सगळे त्या दिवशी येते. पुढचे सात दिवस खरे. सात यासाठी की आठवड्याचा प्रत्येक वार एकदा यावा. मटण-मासळीचा रविवार, आठवडी बाजाराचा दिवस आणि उपवासाचा वार यांचा कचरा वेगवेगळा असतो.

वेळ रोज तीच ठेवा, शक्यतो सकाळी घंटागाडीच्या आधी अर्धा तास. गाडी आधी आली की पिशवी तिच्यात जाते आणि तुम्हाला शून्य मिळते. या शून्याचेच सगळ्यात जास्त घोटाळे होतात. ‘घरी माणसे होती पण कचरा निघाला नाही’ हे खरे शून्य. ‘घर बंद होते’ यात ती माणसेच मोजणीतून वजा होतात. ‘पिशवी गाडीत गेली’ म्हणजे नोंद हुकली, तो दिवस त्या घरापुरता गाळायचा. तिन्ही ठिकाणी ० लिहिले तर आकडा कितीही खाली जाऊ शकतो. म्हणून तीन वेगळ्या खुणा ठरवा आणि काल रात्री घरी किती माणसे जेवली हे रोज विचारून लिहा.

रद्दी आणि बाटल्या लोक पिशवीत टाकत नाहीत, आणि टाकाव्यात असा आग्रहही नको. सातव्या दिवशी आठवड्याभरात बाजूला ठेवलेल्या रद्दीचे घरीच वजन करा आणि ‘भंगार’ या वेगळ्या रकान्यात लिहा. घरात तयार झालेल्या कचऱ्यात ते धरायचे, नगरपरिषदेने उचलायच्या कचऱ्यात नाही.

हिशेब

प्रत्येक घराची माणशी सरासरी काढून मग त्या सरासऱ्यांची सरासरी काढू नका. समजा, एकट्या माणसाच्या घरातून ५०० ग्रॅम आले आणि सहा जणांच्या घरातून १,५०० ग्रॅम. घरनिहाय दरडोई ५०० आणि २५०, त्यांची सरासरी ३७५. प्रत्यक्षात सात माणसांचा कचरा २,००० ग्रॅम, म्हणजे माणशी २८६. छोटी घरे विनाकारण जड होतात. म्हणून गटाचे एकूण वजन भागिले एकूण माणूस-दिवस असाच भागाकार करा. उदाहरणार्थ, ३० घरांत १४१ माणसे, सात दिवसांचे ९८७ माणूस-दिवस. त्यातून परगावी गेलेल्यांचे ४१ वजा, उरले ९४६. कचरा २४६ किलो. माणशी रोज २६० ग्रॅम.

मग गट जोडताना लोकसंख्येचा वाटा लावा. समजा, तीन गटांचे आकडे २६०, ३४० आणि ४२० ग्रॅम आले, आणि प्रभागात त्या गटांची वस्ती ५०, ३५ आणि १५ टक्के आहे. वाट्यानुसार सरासरी ३१२ ग्रॅम येते, नुसती तिन्हींची सरासरी ३४० येते. २०,००० वस्तीला हा फरक रोज ५६० किलोंचा आहे, म्हणजे छोट्या घंटागाडीची जवळजवळ एक फेरी.

दोन गटांत फरक दिसला की लगेच कारण लावू नका. ३० घरांच्या दरडोई आकड्यांचे प्रमाण विचलन, म्हणजे घराघरांचे आकडे सरासरीपासून साधारण किती लांब पसरले आहेत ते माप, समजा १५० ग्रॅम असेल, तर त्याला ३० च्या वर्गमुळाने भागून दुप्पट करा. सुमारे ५५ ग्रॅम येतात. तुमचा आकडा दोन्ही बाजूंना एवढा हलू शकतो. मग २६० आणि २९० यांतला फरक खरा आहे असे छातीठोकपणे सांगता येत नाही.

कारणे कशी ओळखायची

सगळ्यात आधी घरातली माणसे. दोघांच्या घराचा दरडोई कचरा सहा जणांच्या घरापेक्षा सहसा जास्त भरतो. तेलाची पिशवी, दुधाची पिशवी, भाजीची जुडी घराला लागते, माणसाला नाही. एकत्र कुटुंबे मोडून दोन-तीन माणसांचे फ्लॅट झाले की लोकसंख्या तेवढीच राहूनही कचरा वाढतो. म्हणून ‘श्रीमंत वस्तीत कचरा जास्त’ असे लिहिण्यापूर्वी तिन्ही गटांतली चार-चार माणसांची घरेच तेवढी काढून आपसात ताडून पाहा. बरेचदा उत्पन्नाचा म्हणून दाखवलेला फरक काही अंशी कुटुंबाच्या आकाराचा निघतो. उरलेला फरक बाहेरून मागवलेले जेवण, पार्सलचे पुठ्ठे आणि वापरून फेकायच्या वस्तू यांचा असतो.

दुसरे स्वयंपाकघर, आणि त्याचा हंगाम. ओला कचरा वजनाने निम्म्याहून जास्त असतो, त्यामुळे भाजी बदलली की आकडा बदलतो. डिसेंबर-जानेवारीत वाटाण्याच्या शेंगा सोलल्या की जवळजवळ निम्मे वजन टरफलांचे. एप्रिल-मेमध्ये आंब्याच्या साली आणि कोयी, कलिंगडाच्या जाड साली, कोकणात फणसाची साल. आंब्याच्या दिवसांत केलेली मोजणी वर्षभराला लावली तर कंपोस्टचे खड्डे गरजेपेक्षा मोठे बांधले जातील. याउलट मेच्या सुट्टीत शहरातली बरीच घरे गावी गेलेली असतात, आणि माणसे रोज न मोजल्यास कचरा घटल्याचा भास होतो. गणेशोत्सवात निर्माल्य, दसऱ्याला झेंडू आणि आपट्याची पाने, दिवाळीच्या आधी साफसफाईचे भंगार, हे ‘सणाचा कचरा’ म्हणून वेगळे मोजायचे. तो वर्षाच्या सरासरीत मिसळला की सरासरी फुगते, आणि त्या दहा दिवसांना जादा गाडी मात्र मिळतच नाही.

जनावरे आणि परस. घरात शेळी किंवा गाय असेल तर ओला कचरा शून्य येऊ शकतो, आणि ते शून्य खरे आहे. अशी घरे निकृष्ट नमुना म्हणून गाळू नका. उलट, शहराच्या कडेची अशी वस्ती पाच वर्षांत इमारतींची झाली की तेवढा ओला कचरा अचानक गाडीत येणार आहे, याची ती आगाऊ सूचना आहे. अंगण असलेल्या घरांत पालापाचोळा येतो. पानगळीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये बंगल्यांची वजने यामुळे दुप्पटही दिसू शकतात. त्याचा रकाना वेगळा ठेवा.

राख हलकी वाटते, पण पिशवीत दाबून भरली की चांगलीच वजनदार होते. थंडीत पाण्याचा बंब पेटणाऱ्या वाड्यांत आणि चुली असलेल्या वस्त्यांत ती येते. तिच्यामुळे वजन वाढते, पण कंपोस्टला किंवा भंगाराला त्यातले फारसे काही उपयोगी पडत नाही.

डायपरचा हिशेब फार कमी जण करतात. ओला झालेला एक डायपर साधारण १५० ते २०० ग्रॅम भरतो. दिवसाला पाच लागले तर एका बाळामागे पाऊण ते एक किलो, म्हणजे जवळजवळ तीन मोठ्या माणसांइतका कचरा. नव्या गृहसंकुलात तरुण जोडपी राहायला आली की सॅनिटरी कचरा का उसळतो, त्याचे उत्तर यात आहे. अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांचेही तेच. हा कचरा कामगारांच्या हाताला लागू नये म्हणून त्याची वेगळी पिशवी आणि गाडीवर वेगळा डबा हवाच, आणि तो केवढा असावा हे या रकान्यावरूनच ठरते.

भंगाराचा भाव हे कारण तर घराच्या बाहेरच असते. रद्दीचा भाव पडला की भंगारवाला फेरी कमी करतो आणि रद्दी घंटागाडीत येते. काचेच्या बाटल्यांना भाव मिळेनासा झाला की त्याही गाडीत येतात. लोकांच्या सवयीत काहीही बदललेले नसते. मोजणीच्या आठवड्यात गावातल्या दोन भंगार दुकानांत पुठ्ठा, रद्दी, काच आणि पातळ प्लास्टिक यांचा भाव विचारून नोंदवहीत लिहून ठेवा. पुढच्या वर्षी आकडा बदलला तर ही एक ओळ पुष्कळ काही उलगडून सांगते.

मग गाडीची वेळ आणि शुल्क. दोघेही कामावर गेल्यावर अकरा वाजता येणारी घंटागाडी त्या घराच्या दृष्टीने नसल्यासारखीच. तिथला कचरा चौकातल्या कोपऱ्यात सापडतो. मोजणीत ज्या वस्तीतून कचरा विचित्रपणे कमी येतो, तिथे आधी गाडीची वेळ तपासा, मग लोकांच्या काटकसरीचे कौतुक करा. दरमहा ठरावीक शुल्क घेतल्याने कचरा कमी होत नाही, कारण एक पिशवी टाका किंवा चार, पैसे तेवढेच. दक्षिण कोरियात १९९५ पासून ठरावीक पिशव्या विकत घेऊन त्यांतच कचरा द्यावा लागतो, म्हणजे जेवढा कचरा तेवढा खर्च. तसे करायचे तर आधी उघड्यावर टाकणे आणि जाळणे थांबवण्याची व्यवस्था लागते. नाहीतर लोक पिशवी वाचवतात आणि नाला भरतो.

दुकाने, मंडई, हॉटेले, मंगल कार्यालये

इथे माणशी हिशेब चालत नाही. प्रत्येक धंद्याचे माप वेगळे: खानावळीला ताटे, मंगल कार्यालयाला पाने, लॉजला भरलेल्या खोल्या, मंडईला आलेल्या मालाचे क्विंटल, कार्यालयाला हजर कर्मचारी, किराणा-कापड दुकानांना शटर. आधी बाजारपेठेतून पायी फिरून प्रत्येक प्रकारची संख्या मोजा. परवान्यांच्या यादीवर विसंबू नका, कारण हातगाड्या आणि टपऱ्या तीत सापडत नाहीत. नंतर प्रत्येक प्रकारातली मोठी ठिकाणे सगळीच्या सगळी मोजा आणि लहानांतली दहा-दहा नमुना म्हणून घ्या. एक मोठे हॉटेल नमुन्यात आले किंवा सुटले, एवढ्यावर सगळा बाजार बदलू नये म्हणून हे.

हॉटेलात तयारीचा कचरा आणि ताटातले उष्टे वेगळ्या बादल्यांत घ्या. तयारीचा कचरा भाजीवर अवलंबून असतो, उष्टे वाढण्याच्या पद्धतीवर. उष्टे बरेचदा वराहपालक परस्पर घेऊन जातात. हॉटेलवाल्याला विचारले नाही तर तेवढा कचरा मोजणीतून नाहीसा होतो, आणि ज्या महिन्यात तो माणूस येत नाही त्या महिन्यात गाडीत अचानक प्रकट होतो.

मंगल कार्यालयाची मोजणी मुहूर्ताच्या दिवशीच करा. चातुर्मासात तिथे जाऊन ‘कचरा नगण्य’ असे लिहिले तर मे महिन्यात गाडी कमी पडेल. वर्षातले कार्यांचे दिवस आणि सरासरी पाने कार्यालयाच्या वहीतून मिळतात. पंगत, बुफे आणि ताटे कसली होती, हेही लिहा. स्टीलच्या ताटांवरून कागदी ताटे, प्लास्टिकच्या बाटल्या आणि टिश्यूवर गेलेले कार्यालय तेवढ्याच पाहुण्यांत कितीतरी जास्त सुका कचरा काढते.

मंडईत फ्लॉवरचा पाला, कोबीची वरची पाने, केळीच्या घडाचे दांडे हे आवकेच्या प्रमाणात असतात. पण भाव कोसळला की कोथिंबीर, मेथी, टोमॅटो तिथेच टाकून शेतकरी परततो, कारण परतीचे भाडेही सुटत नाही. त्या दिवशीच्या कचऱ्याला आवक नव्हे, भाव कारणीभूत असतो. म्हणून आवकेसोबत मुख्य चार भाज्यांचा भाव लिहा.

शहाळ्यांची गाडी लहान दिसते म्हणून सुटते. पाणी काढलेले एक शहाळे एक ते दीड किलो भरते. दिवसाला दोनशे विकणारा माणूस २०० ते ३०० किलो कचरा तयार करतो. घनकचरा नियमांत रोज १०० किलोंच्या वर कचरा करणाऱ्याला मोठा उत्पादक धरतात. या हातगाडीवाल्यावर सोसायटीसारखी जबाबदारी टाकणे अन्यायाचे होईल, पण शहाळ्यांसाठी वेगळी फेरी आणि तुकडे करायचे यंत्र लागेल, हे आकड्यावरून दिसते. ती मिश्र कचऱ्यात गेली तर कंपोस्टच्या ढिगात महिनोन्‌महिने तशीच पडून राहतात.

तीर्थक्षेत्रे आणि पर्यटनाची गावे यांना जनगणनेचा आकडा उपयोगाचा नाही. पंढरपुरात आषाढीला, महाबळेश्वरात मेमध्ये, गोव्याच्या किनारपट्टीवर डिसेंबरच्या अखेरीला तयार होणारा कचरा गावकऱ्यांचा नसतो. तिथे मुक्कामाच्या रात्री मोजा आणि दिवसभरासाठी आलेल्यांचा रकाना वेगळा ठेवा. त्यांचा कचरा बहुतेक बाटल्या, खाऊच्या पिशव्या आणि ताटल्यांचा असतो.

राडारोडा आणि गटारातला गाळ या हिशेबात घेऊ नका. एका बाथरूमच्या दुरुस्तीचा राडारोडा त्या घराच्या कित्येक महिन्यांच्या कचऱ्यापेक्षा जड असतो. मिश्र गाडीत तो गेला की डेपोचा आकडा निरर्थक होतो.

पावसाळ्यातले वजन

हे गणित प्रत्येक निरीक्षकाने एकदा स्वतः करून पाहावे. उन्हाळ्यात १,००० किलो कचऱ्यात ५० टक्के पाणी आहे असे धरा, म्हणजे कोरडा भाग ५०० किलो. पावसात तोच कचरा भिजून पाणी ६० टक्के झाले. कोरडा भाग तेवढाच, ५०० किलो, पण तो आता एकूण वजनाच्या ४० टक्के आहे. एकूण वजन १,२५० किलो. कचरा एक ग्रॅमही वाढला नाही, वजन पाव पटीने वाढले. टनावर पैसे घेणाऱ्या ठेकेदाराचे बिलही तेवढेच वाढले. पावसाळ्यात गाडीवर झाकण असणे हा म्हणून पैशांचा प्रश्न आहे. मोजणीच्या पिशव्या घरातून थेट घ्या, दारात भिजत ठेवलेल्या नकोत.

वजनावरून गाड्या ठरवताना

रोजचा कचरा एकत्र करून ताडपत्रीवर कालवा, चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन काढा. साधारण १०० किलो उरेपर्यंत हे करत राहा आणि मग प्रकार वेगळे करून वजन करा: स्वयंपाकघरातला, पालापाचोळा, कागद-पुठ्ठा, जाड प्लास्टिक, पातळ प्लास्टिक, काच, धातू, कापड, राख-माती. सॅनिटरी पिशव्या यात कालवायच्या नाहीत, त्यांचे वजन बंद पिशवीतच होते.

घनता काढण्यासाठी वेगळ्या दिलेल्या ओल्या आणि सुक्या पिशव्याच वापरा. ड्रम वरपर्यंत भरा, १० सेंटिमीटर उचलून तीनदा जमिनीवर सोडा, खाली बसलेली जागा पुन्हा भरा, वजन करा. रिकाम्या ड्रमचे वजन वजा करून आकारमानाने भागले की घनता मिळते. ओल्याची आणि सुक्याची वेगवेगळी काढा, कारण गाडीच्या रचनेतली नेहमीची चूक इथेच होते. समजा, १,००० किलोंत ६०० ओला आणि ४०० सुका आहे. ओल्याची घनता घनमीटरला ५०० किलो आली तर त्याला १.२ घनमीटर जागा लागते. सुक्याची १०० आली तर त्याला ४ घनमीटर. वजन पाहून किंवा सवयीने गाडीत निम्म्यावर आडवी फळी टाकली की सुका कप्पा अर्ध्या गल्लीतच भरतो, आणि कामगार उरलेला सुका ओल्यात टाकतो. लोकांनी घरी वेगळा केलेला कचरा दारात एकत्र होतो, आणि वर्गीकरणावरचा लोकांचा विश्वास तिथेच उडतो. दोष कामगाराचा नाही, फळीच्या जागेचा आहे. सुक्यासाठी मोठा कप्पा द्या, किंवा सुका आठवड्यातून दोनदा वेगळ्या गाडीने उचला.

पुढच्या वर्षांसाठी आकडा नेताना लोकसंख्येची वाढ आणि दरडोई वाढ दोन्ही धरा. दरडोई वाढ भारतीय शहरांसाठी साधारण वर्षाला १ ते १.३ टक्के धरली जाते. १० वर्षांत ३१२ ग्रॅमचे ३४५ ते ३५५ ग्रॅम होतात. नव्या बांधकाम परवान्यांची यादी मात्र या टक्केवारीपेक्षा जास्त खरे सांगते.

दुसरी फेरी

एक फेरी कोरड्या हंगामात करा, फेब्रुवारीच्या आसपास, आणि दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये, सण टाळून. दुसऱ्या फेरीत निम्मी घरे तीच ठेवा आणि निम्मी नवी घ्या. जुन्या घरांवरून हंगामाचा फरक कळतो, नव्यांवरून पहिला नमुना कितपत प्रातिनिधिक होता ते. जुन्या घरांत माणसे किती बदलली ते पुन्हा विचारा. सून आली, बाळ झाले, मुलगा वसतिगृहात गेला, एवढ्यानेही त्या घराची ओळ बदलते. आणि दोन्ही फेऱ्यांच्या कच्च्या नोंदवह्या जपून ठेवा, नुसता अंतिम तक्ता नको. पुढच्या निरीक्षकाला वेगळा प्रश्न पडेल, आणि त्याचे उत्तर घरनिहाय, दिवसनिहाय वजनांतूनच निघेल.